बेचाळीस निळे कोट

माझ्या थोरल्याने माझ्या धाकटीला विमानात बसू दिलं नाही. तिकिटाच्या जागेवर नव्हे, तिकीट काढलं की कोणीही बसतं. वैमानिकांच्या खोलीत, त्यांच्या पाठीमागे, भिंतीला एक घडीची खुर्ची असते. कामावर निघालेल्या दुसऱ्या वैमानिकाने दाराशी जायचं, टोपी काढायची आणि कॅप्टनला विचारायचं, "बसू का?" कॅप्टनने म्हणायचं, "या." बस्स. तिकीट नाही, कागद नाही. विचारणारा भांडणाऱ्या कंपनीचा असला तरी "या"च म्हणायचं, अशी त्यांच्यात जुनी रीत आहे. धाकटी बारा वर्षं अशीच जायची-यायची. राहते माझ्याकडे आणि कामाचं गाव विमानाने दीड तासावर.

त्या सकाळी दाराशी गेली तर आत सख्खा भाऊ. हिने रीतीप्रमाणे टोपी काढली आणि विचारलं, "कॅप्टन, बसू का?"

तो म्हणाला, "जागा नाही."

ती तासाभरात घरी परत आली. ड्युटी बुडाली होती. मी विचारलं, "जागा खरंच नव्हती का गं?"

"होती. तिच्यावर त्याची टोपी ठेवली होती."

एवढं बोलून तिने बूट काढले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी झोपली. मी मशीनवर बसले, पण दोनदा सुई मोडली. माझ्या हातून सुई मोडत नाही.

आता हे असं का, ते पहिल्यापासून सांगते. मी तिसरीत शाळा सोडली, तेव्हा माझं लिहिणं जसं येईल तसं येईल.

मी कोट शिवते. विमानतळाच्या मागच्या रस्त्याला, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर माझी दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. पस्तीस वर्षांत इथल्या निम्म्या वैमानिकांचे खांदे मी सरळ केलेत. म्हणजे खांदे वाकडेच आहेत, कोट सरळ आहेत. नवरा लवकर गेला. दोन्ही पोरं या टेबलाखाली, चिंध्यांत लहानाची मोठी झाली आणि वर कोट घालून बघणाऱ्यांचे बूट बघता बघता दोघांच्याही डोक्यात एकच किडा शिरला. थोरला मोठ्या कंपनीत लागला. त्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या मी लावल्या, आधी दोन, मग तीन, मग चार. लोक म्हणायचे, टेलरबाईचं नशीब. मी म्हणायचे, नशीब नाही, पाठीचा कणा मोडलाय.

थोरला नवानवा होता तेव्हा कंपनीने त्यांच्या संघटनेपुढे एक गोष्ट मांडली. पन्नास माणसांपर्यंतची छोटी विमानं आम्ही दुसऱ्या एका कंपनीला कंत्राटाने देतो. रंग आपलाच, तिकिटावर नाव आपलंच, फक्त आत बसणारे वैमानिक त्यांचे, तिसऱ्या हिश्श्याच्या पगारात. त्याच्या बदल्यात तुम्हा सगळ्यांना वाढ. मतदान झालं. थोरल्याने हो म्हणून हात वर केला. घरी येऊन मला म्हणाला, "ती फटफटी कोणाला उडवायचीये, आई. जाऊ दे तिकडे."

मी हसले होते. त्या वाढीतून त्याने मला काज करायचं नवं मशीन घेऊन दिलं. मी ते घेतलं. खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांनी धाकटीचं शिक्षण पुरं झालं. मोठ्या कंपनीत नवं माणूस लागतं ते छोट्या विमानावर, आणि छोटी विमानं तर यांनी देऊन टाकलेली. खालची पायरीच विकली होती, पोरगी चढणार कुठून? तिने त्या कंत्राटाच्या कंपनीत नोकरी धरली. तीच आकाशं, तेच रस्ते, तेच उतारू. कोट मात्र राखाडी, कोपराशी महिन्याभरात चकाकणाऱ्या कापडाचा. तोही मीच शिवायचे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती माझ्याकडे परत आली, त्या कंत्राटाच्या कंपनीतच चार पट्ट्यांची कॅप्टन झाली. पण दादाचा निळा कोट इस्त्रीला आला की त्याच्या बाहीवरून एकदा हात फिरवल्याशिवाय राहायची नाही. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

गेल्या साली कंपनीला हाव सुटली. म्हणाली, पन्नास नको, आता नव्वद माणसांपर्यंतची विमानं बाहेर द्यायची. आता मात्र थोरल्याची संघटना खडबडून उठली, कारण नव्वदाच्या विमानावर त्यांचीच माणसं होती. तोवर थोरला संघटनेचा सेक्रेटरी झालेला. संप ठरला.

संपाच्या पंधरा दिवस आधी कंपनीचा खरेदीवाला माझ्याकडे आला. निळे कोट हवेत, बेचाळीस, दहा दिवसांत. माझ्याकडे एवढं काम एका वेळी कधीच आलं नव्हतं. मापं द्यायला माणसं आली ती सगळी राखाडी कोटवाली. मी विचारलं तर म्हणाली, आता सगळ्यांना एकच गणवेश होणार, कंपनीने कळवलंय. धाकटीही आली. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आई, चौदा वर्षांनी का होईना, दिला बाई."

मी तिच्या कोटाला आतून चांगलं अस्तर लावलं, जे कॅप्टनलोक मागतात पण सहसा मी त्यांना लावत नाही.

त्याच दहा दिवसांत थोरला दोनदा जेवायला आला. टेबलावर निळ्या कापडाचा ढीग. त्यानेही विचारलं नाही, मीही बोलले नाही. त्याला वाटलं त्यांच्यातल्यांचेच असतील. मला वाटलं सेक्रेटरीला माहीत असेलच. दोन शहाणी माणसं एका ताटाशी बसली आणि दोघंही आंधळी.

संपाच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने राखाड्यांना निळे कोट घालून मोठ्या कंपनीच्या फेऱ्यांवर चढवलं. उतारूंना फरक कळू नये म्हणून. धाकटीला सकाळी सांगितलं, ही फेरी घे, नाहीतर बिल्ला ठेव आणि घरी जा. तिने दादाला पाच फोन केले. दादा फाटकाशी भोंग्यावर भाषण करत होता. सहावा फोन केला असता तर लागला असता, असं तो अजून म्हणतो. तिने ती फेरी केली. एकच. दुसऱ्या दिवशी आजारी म्हणून घरी राहिली. पण फाटकाशी संघटनेच्या पोरांनी फोटो काढले होते, आणि त्यात नऊ चेहरे स्पष्ट आले. नऊ नावं यादीत गेली. संपात काम करणाऱ्यांची त्यांची एक यादी असते. तिच्यात नाव गेलं की ते निघत नाही. त्या माणसाला कोणी खुर्ची देत नाही, कोणी शेजारी बसून चहा पीत नाही.

संप अकरा दिवसांनी मिटला. थोरला पेढीवरच्या शेठसारखा तोंड भरून सांगत आला, "आई, तोडगा निघाला."

"काय निघालं?"

"वाढ. बारा वर्षं नोकरी झालेल्यांना चांगलीच. आणि कोणाला काढायचं नाही."

"आणि ती नव्वदवाली विमानं?"

तो पाणी प्यायला. सगळा तांब्या प्यायला. मग म्हणाला, "ती हळूहळू जातील. एकदम नाही."

म्हणजे ज्याच्यासाठी फाटकाशी बोंबलले तेच विकून आले, फक्त भाव बरा मिळाला. पहिल्यांदा पायरी विकली, आता जिना. तोडग्यात एक तुकडा राखाड्यांसाठीही होता: त्यांच्यातले चाळीस जण मोठ्या कंपनीत घ्यायचे. निवडणाऱ्यांत संघटनेची दोन माणसं. यादीतलं नाव चालणार नाही. आणि बेचाळीस वर्षांवरचं माणूस घेत नाहीत. माझी धाकटी एकेचाळीसची. म्हणजे हीच खेप, पुढची नाही.

पाच महिने मी गप्प बसले. माझ्या ओळखीचं कोणी यावर विश्वास ठेवणार नाही. धाकटी तेवढे दिवस तिकीट काढून जायची; त्या सकाळी विमान भरलेलं, म्हणून दाराशी गेली. पण टोपीची गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी उठून संघटनेच्या कचेरीत गेले.

काचेचं टेबल, तीन कॅप्टन. मधला अध्यक्ष, त्याच्या पोटाचा घेर मला पाठ आहे. दर वर्षी दोन बोटं. एका टोकाला थोरला, पुढ्यात कागद घेऊन, मी त्याची आई नसून वीजबिल भरायला आलेली बाई असल्यासारखा.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतलात," अध्यक्ष म्हणाला.

"त्रास तुम्ही दिलात. मी तो परत करायला आलेय."

त्यांनी मला समजावलं. यादी त्यांनी नाही केली, त्यांच्या आधीच्यांनी केली. चाळीस वर्षांपूर्वीच्या संपातली नावंही अजून तिच्यात आहेत, त्यातले काही तर वारलेत.

"मेलेल्यांना कुठे जायचं असतं, की तुम्ही खुर्ची अडवून बसलात?"

तिसरा, लांब मानेचा, हसायला लागला आणि अध्यक्षाने बघितल्यावर खोकला. मग तोच म्हणाला, "टेलरबाई, वाईट वाटतं, पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असंच झालं ना हे."

"दांडा दिसतो तुम्हाला. पातं कोणाचं होतं? माझ्या पोरीने एक फेरी केली, तिचं नाव जन्मभर. तुम्ही पन्नासची विमानं दिलीत, आता नव्वदची दिलीत. त्यांची यादी कुठे टांगलीये? आणा, मी पहिलीपासून वाचते. वेळ लागेल, पण वाचते."

"ते मतदानाने झालं," थोरला कागदाकडे बघत म्हणाला.

"हो. ज्यांची विमानं जाणार नव्हती त्यांच्या मतदानाने. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तेही नऊच संन्यासी. बेचाळीस कोट शिवलेत मी, एकाचीही बाही ओढत नव्हती, आणि तुम्हाला सापडले नऊ."

बोलले आणि अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकला. मला आधी वाटलं, लागलं बोलणं. मग अध्यक्षाने थोरल्याकडे बघितलं आणि थोरल्याने पहिल्यांदा मान वर केली, तेव्हा कळलं की लागलं नाही, मी हातात दिलंय. त्यांना वाटत होतं नऊच होते, फार तर बारा. आकडा त्यांना माहीतच नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. या जिभेने मी पस्तीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळली, आणि नको तिथे तिनेच घात केला.

"आई," थोरला हळू म्हणाला, "मापं तूच घेतलीस ना सगळ्यांची?"

"मग काय तू?"

"तुझी ती वही आहे ना."

अध्यक्ष मऊ झाला. चहा मागवला. म्हणाला, मावशी, एक मार्ग निघतो. ज्याने बाकीची नावं मिळवून दिली, त्याचं नाव काढायचा अधिकार कमिटीला आहे. तुम्ही तेहेतीस नावं सांगा, मुलीचं नाव आज खोडतो. निवडीत आमची दोन्ही माणसं तिच्या बाजूने. शुक्रवारपर्यंत सांगा.

चहा मी प्यायले नाही. तेवढंच करता आलं.

वहीचं सांगते. मला नावं भराभर लिहिता येत नाहीत, म्हणून मी खुणा लिहिते. "डावा खांदा खाली." "मान आखूड." "दात पुढे." पण माप घेताना माणूस बोलतं. हात वर करून उभं राहिलेलं माणूस सगळं सांगतं, नाव, गाव, सासू, सगळं. एकेका खुणेमागचं नाव माझ्या डोक्यात आहे आणि कुठेच नाही. त्या बेचाळीसांत एक पोरगा होता, चार फेऱ्या करून आलेला. मी पाठ मोजत होते आणि तो उभ्या उभ्या झोपला, मला त्याला धरावं लागलं. एक मुलगी होती, ती कानाशी येऊन म्हणाली, काकू, शिवणीत आत जागा ठेवा, चौथा महिना आहे, कंपनीला एवढ्यात कळू द्यायचं नाहीये. मी ठेवली.

त्या संध्याकाळी धाकटीला सगळं सांगितलं. सांगताना मला मनात ठाऊक होतं ती काय म्हणणार. ती म्हणणार, नको आई, माझ्याबरोबरची माणसं आहेत ती. मी आधीच तिच्याबद्दल अभिमान वाटून घेतला होता. ती ताटात बघत जेवत होती.

"दे," ती म्हणाली.

"काय दे?"

"नावं. दे त्यांना."

"अगं, तुझ्याबरोबरची आहेत ती. उद्या त्यांनाही कोणी दारात उभं करणार नाही."

"मला कुठे कोण उभं करतंय? त्यातल्या एकाने तरी येऊन म्हटलं का, की आम्हीही केली होती फेरी, हिला एकटीला का पकडता? बेचाळीस होतो आम्ही, आई. नऊ जण पकडले आणि बाकीचे माझ्या शेजारून मान वळवून जातात. खुर्चीवर बसून जातात."

"ती पोटुशी पोर..."

"तिला बाळ झालं. मुलगा. मला पेढा... मला सांगितलंसुद्धा नाही तिने, दुसऱ्याकडून कळलं."

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाने टेपाखाली उभं राहून सांगितलेलं मी बाहेर बोलत नाही. हा धंद्याचा..."

"दादा पहिल्या मतदानाला गेला तेव्हा तू म्हणालीस का, नको घेऊस ते मशीन, त्यात धाकटीची नोकरी गेली? आयुष्यभर त्याला मिळालं ते तुला चाललं. मी काय मागितलंय आजवर? हे पहिलं मागतेय. दे."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी वरचढ झाले असते. मी ताटं उचलली.

शुक्रवारी थोरला दुकानात आला, गणवेशात, खाली टायरवाल्याने सलाम ठोकला तो मला वर ऐकू आला. मी वही टेबलावर टाकली. "घे. वाचता आली तर वाच."

त्याने चार पानं उलटली. "आई, हा 'मान आखूड' कोण?"

"मान आखूड असलेला."

"चेष्टा करू नकोस. तुझ्या मुलीचा प्रश्न आहे."

"आणि तुझी बहीण ती कधीपासून नाही? त्या दिवशी टोपी उचलून मांडीवर घेतली असतीस तर तुझी मांडी झिजली असती का?"

"मी सेक्रेटरी आहे. मीच रीत मोडली तर उद्या कोण पाळेल?"

"तुम्ही मोडण्याजोगं एवढंच शिल्लक ठेवलंत होय. बाकीचं तर विकलंत."

तो खुर्चीवर बसला, त्याच खुर्चीवर जिच्यावर बसून तो पाढे म्हणायचा, आणि क्षणभर मला वाटलं हा आता रडेल आणि मी याला क्षमा करेन. पण त्याने घड्याळ बघितलं. "हो की नाही तेवढं सांग. मला उड्डाण आहे."

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? लोकांना सांगते, तेहेतीस पोरांचं वाटोळं माझ्या तोंडून नको म्हणून. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. त्या काचेच्या टेबलापुढे दुसऱ्यांदा जायचं, अध्यक्षाने मावशी मावशी करत खुर्ची पुढे सरकवायची आणि मी एकेक नाव सांगायचं, थोरल्याने ते लिहून घ्यायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. माझी मान आखूड नाही. ती वाकवायला शिकलेच नाही, आणि ती वाकली नाही त्याची किंमत माझ्या मानेने नाही दिली.

निवड झाली. चाळीस घेतले. त्यात सव्वीस माझ्या निळ्या कोटातले होते, मी मोजले. धाकटीला साधं पत्रही आलं नाही.

तिने कामाच्या गावी खोली घेतली. आता खुर्ची लागत नाही. कंत्राटाच्या कंपनीने तिला नव्वदवाल्या विमानावर घातलंय, जे तिच्या भावाचे लोक उडवायचे. तेच विमान, तीच फेरी, आणि पगार राखाडी. मोठ्या कंपनीने पुन्हा काहीतरी मांडलंय म्हणे, यावेळी एकशे दहा. थोरल्याला निवृत्तीला बारा वर्षं आहेत. तो म्हणतो, तोपर्यंत निभेल.

सामान न्यायला ती रविवारी आली. दोन बॅगा, उशी, इस्त्री. मी म्हटलं, निळा कोट राहिलाय खुंटीला.

"राहू दे. कोणाला होत असेल तर उसवून दे."

"तुझ्या मापाचा आहे. कोणाला होणार?"

ती बॅगेकडे वळली. बॅगेची चेन लागत नव्हती, मी गुडघा टेकवून धरली, तिने ओढली. मग उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात, बसची वेळ सांगावी तशी म्हणाली, "तुझ्या तेहेतीस गिऱ्हाइकांना तू दगा दिला नाहीस, आई. मीही गिऱ्हाईकच असते तर बरं झालं असतं."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं.

ती जिना उतरली. खालचं दार आपटेल म्हणून मी थांबले होते, आपटलं असतं तर खिडकीतून ओरडायला तरी काही मिळालं असतं. तिने ते अलगद लावून घेतलं.